पहिल्या घासाबरोबर

पोटाच्या वरच्या भागात उठलेली कळ आरपार पाठीत गेलेली, उलट्या थांबत नाहीत, आडवं पडवत नाही, गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकलं तरच जरा निभतं. अशा अवस्थेत कॅज्युअल्टीत आणलेल्या माणसाच्या रक्तातलं लायपेज तिपटीहून वाढलेलं निघालं की स्वादुपिंडाला सूज आल्याचं निदान होतं. आणि माणूस पुरुष असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “दारू किती घेता?”

प्रश्न रास्त आहे. या आजाराच्या तीव्र झटक्याची जगभरात दोन मोठी कारणं आहेत, पित्ताशयातले खडे आणि दारू. विचारलंच पाहिजे. पण ‘घेत नाही’ हे उत्तर ऐकल्यावरही नर्स, शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक आणि पुढे स्वतःच्याच घरातली माणसं एकमेकांकडे बघतात, तेव्हा मूळ दुखण्यात आणखी एका दुखण्याची भर पडते.

माझ्या धाकट्या भावाच्या वाट्याला हे आलं. आमचं घर माळकरी; त्याच्या गळ्यात शाळेपासून तुळशीची माळ. कॉलेजात असताना त्याचं पोट दुखायचं, ते ‘पित्त’ म्हणून सोडून दिलं जायचं. ओव्याचा अर्क, थंड दूध, मेडिकलमधून आणलेली गोळी. पंचविशीच्या आत पहिला मोठा झटका आला आणि सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या नळीत चुन्याचे खडे दिसले. म्हणजे आजार त्या दिवशी सुरू झालेला नव्हता, कित्येक वर्षं तो आतल्या आत चालूच होता. तरीही वॉर्डातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्याला जवळ बसवून व्यसनमुक्तीवर सांगितलं. त्याने मान डोलावली. नंतर मला म्हणाला, “ताई, मी नाही म्हणून तरी किती जणांना सांगू?”

त्याच्यासारखे अपवाद असतात असं मला तेव्हा वाटलं होतं. प्रत्यक्षात भारतात असेच रुग्ण जास्त आहेत. कोचीच्या अमृता संस्थेतील डॉ. व्ही. बालकृष्णन यांच्या पुढाकाराने देशभरातल्या ३२ केंद्रांनी जुनाट स्वादुपिंडदाहाच्या १,०८६ रुग्णांची पाहणी केली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दारू हे कारण सुमारे ३९ टक्क्यांमध्ये सापडलं. सुमारे ६० टक्के रुग्णांत ठरलेल्या कारणांपैकी एकही सापडलं नाही. म्हणजे वॉर्डात दहाजण असतील तर त्यातल्या सहांबद्दलचा आपला अंदाज चुकीचा ठरतो. आणि उरलेल्या चौघांनाही औषधाबरोबर शिक्षा द्यायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. त्यांच्याविषयी पुढे लिहिणारच आहे.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळपास टेकून आडवं पडलेलं स्वादुपिंड जेमतेम वीतभर लांब आणि शंभर ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचं. ते दोन वेगळी कामं करतं. दिवसाला दीड-दोन लिटर पाचकरस आतड्यात सोडतं. आणि त्याच्यात विखुरलेल्या, एकूण वजनाच्या एक-दोन टक्केच भरणाऱ्या पेशींच्या बेटांमधून इन्शुलिन व ग्लुकागॉन रक्तात सोडतं. पाचकरसातली प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स स्वादुपिंडात तयार होतात ती निष्क्रिय रूपात. आतड्यात पोचल्यावरच ती जागी होतात. त्यातलं ट्रिप्सिन हे विरजणासारखं आहे. ते थोडंसं जरी वेळेआधी, स्वादुपिंडातच जागं झालं तरी बाकीची सगळी एन्झाइम्स जागी करतं आणि मग मांस पचवण्यासाठी बनलेला रस आपल्याच अवयवाला पचवू लागतो. स्वादुपिंड स्वतःलाच पचवतं ही कल्पना हान्स कियारी यांनी १८९६ मध्ये मांडली. पित्ताचा खडा खाली सरकून पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी यांच्या सामाईक तोंडाशी अडकतो तेव्हा काय होतं, हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये यूजीन ओपी यांनी १९०१ मध्ये दाखवून दिलं. सव्वाशे वर्षांनंतरही या चौकटीचा गाभा तोच आहे.

तीव्र झटका आलेल्या दहापैकी आठजण आठवडाभरात घरी जातात. उरलेल्या दोघांची गोष्ट गंभीर असते : स्वादुपिंडाचा काही भाग मरतो, त्यात जंतुसंसर्ग होतो, मूत्रपिंडं आणि फुप्फुसं थकतात. पूर्वी अशा रुग्णाचं पोट उघडून मेलेला भाग काढून टाकत. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीने दाखवलं की आधी बाहेरून नळी घालून पू काढावा, थांबावं आणि गरज पडलीच तर लहान छेदातून साफ करावं. त्याने गंभीर गुंतागुंत कमी होते. शल्यविशारदांना थांबायला शिकवणारा हा मोठा बदल होता. खाण्याच्या बाबतीत उलटा बदल झाला. ‘स्वादुपिंडाला विश्रांती’ म्हणून रुग्णाला दिवसच्या दिवस सलाईनवर उपाशी ठेवायचे. आता सौम्य झटक्यात भूक लागली आणि उलटी थांबली की लवकर खायला देतात.

पण घरी गेल्यावर काय? इथे आपल्याकडे माहितीचा धागा तुटतो. डिस्चार्ज कार्डावर ‘तेलकट-तिखट टाळा’ एवढंच असतं, आणि घरच्यांना वाटतं, सूज होती, उतरली, संपलं. पित्ताशयात खडे असतील तर ते तिथेच असतात. सूज उतरू दे, महिनाभराने ऑपरेशन करू, असं ठरतं. मग ऊसतोड लागते, मुलीचं लग्न निघतं, महिना लांबत जातो. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या डच चाचणीत सौम्य झटक्यानंतर काही रुग्णांचं पित्ताशय त्याच मुक्कामात काढलं आणि बाकीच्यांना सुमारे महिन्याने बोलावलं. बोलावलेल्यांपैकी १७ टक्के लोकांना खड्यांमुळे पुन्हा भरती व्हावं लागलं किंवा जीव गेला. त्याच मुक्कामात शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. घरात कोणाला खड्यांमुळे झटका आला असेल तर ‘याच भरतीत पित्ताशय काढता येईल का’ हे डॉक्टरांना जरूर विचारा.

पहिल्या झटक्यानंतर पाचातल्या एकाला पुन्हा झटका येतो आणि दहातल्या एकाचा आजार कायमचा, म्हणजे जुनाट होतो. वारंवार झटके येणाऱ्यांत हेच प्रमाण तिघांत एकाच्या वर जातं. आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. एका झटक्यातून पूर्ण बऱ्या झालेल्यांपैकीही सुमारे १५ टक्के लोकांना वर्षभरात मधुमेह होतो आणि पुढच्या वर्षांत धोका वाढत जातो. म्हणून ‘आता बरं आहे’ म्हणणाऱ्याने सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी साखर तपासायला हवी.

जुनाट स्वादुपिंडदाहाची भारतीय गोष्ट केरळात सुरू होते. इंडोनेशियात १९५९ मध्ये झुइडेमा यांनी कुपोषित, कसावा खाऊन जगणाऱ्या रुग्णांत स्वादुपिंडातले खडे आणि मधुमेह एकत्र आढळल्याचं नोंदवलं. त्याच सुमाराला केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांच्यापुढे असे रुग्ण रांगेने येत होते : अंगावर मांस नसलेली पोरं, लहानपणापासून पोट दुखणारी, मिसरूड फुटायच्या वयात मधुमेही झालेली, त्यातले बरेच तिशी-चाळिशी पार करत नसत. गीवर्गीस यांनी आयुष्यभर या रुग्णांचा माग काढला. ‘पॅनक्रियाटिक डायबेटिस’ हा त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढला. मराठी कवितेची आणि कादंबरीची पुस्तकं ज्या घराने छापली त्याच घराने केरळी गरिबांच्या या आजारावरचा ग्रंथही छापावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

संशय कसाव्यावर, म्हणजे टॅपिओकावर गेला, कारण त्या कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. आपला साबुदाणा त्याच कंदाच्या पिठापासून होतो. त्यामुळे एकादशी जवळ आली की आमच्याकडे प्रश्न यायचा, “याला साबुदाणा चालतो का?” पुढच्या अभ्यासांत कसाव्यावरचा आरोप टिकला नाही. कसावा न खाणाऱ्या प्रदेशांतही हा आजार सापडला आणि प्रयोगात उंदरांना तो खाऊ घालूनही आजार उभा राहिला नाही. शिवाय साबुदाणा होईपर्यंत कंद धुवून, वाटून, तापवून गेलेला असतो. त्यातल्या सायनाइडची भीती बाळगायचं कारण नाही. खिचडीची चिंता असेल तर ती नुसत्या पिष्टाने चढणाऱ्या साखरेची असावी.

मग एवढी तरुण माणसं आजारी का पडतात? उत्तराचा एक भाग जनुकांत आहे. ट्रिप्सिन चुकून आतच जागं झालं तर त्याला आवरणारं एक प्रथिन स्वादुपिंडात असतं. त्याची सूचना देणाऱ्या ‘स्पिंक-वन’ जनुकातला एक बदल भारतातल्या या रुग्णांमध्ये निरोगी लोकांच्या कितीतरी पट जास्त आढळतो. पण ज्यांच्यात तो बदल असतो त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. बदल असणं म्हणजे आजार असणं नव्हे. दुसरं काहीतरी जुळून यावं लागतं. कुपोषण, धूर, आणखी एखादं जनुक. ते ‘काहीतरी’ प्रत्येक रुग्णात वेगळं असावं. केरळातलं जुनं, भीषण रूप मात्र आता दुर्मीळ झालंय. २००८च्या पाहणीत जुन्या व्याख्येत बसणारे रुग्ण ४ टक्केही नव्हते. मुलं आधीपेक्षा बरी खाऊ लागली, निदान लवकर होऊ लागलं, इन्शुलिन मिळू लागलं, हे सगळं त्यामागे असणार.

इन्शुलिनचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. १९२० च्या ऑक्टोबरअखेर कॅनडात फ्रेडरिक बँटिंग नावाचा तरुण सर्जन रात्री एक लेख वाचत होता. तो मोझेस बॅरन यांचा होता आणि त्यात स्वादुपिंडाच्या नळीत खडा अडकलेल्या एका रुग्णाची हकिकत होती. खड्याने वाट अडल्यामुळे पाचकरस बनवणारा भाग सुकून गेला होता, बेटं मात्र शाबूत होती. नळी बांधली तर बेटांमधला रस वेगळा काढता येईल, ही कल्पना बँटिंगला त्यातून सुचली, आणि जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचलं गेलं. जगभरच्या मधुमेहींना जगवणारं औषध स्वादुपिंडात खडे झालेल्या एका अनाम रुग्णाच्या शवविच्छेदनापर्यंत मागे नेता येतं. माझ्या भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ मला पुन्हापुन्हा तपशील विचारत होता.

या आजाराबरोबर जगणं म्हणजे पहिल्यांदा वेदनेबरोबर जगणं. ती दोन तऱ्हेची असते. काहींना महिनोन्महिने काही नसतं आणि मग अचानक झटका येतो. काहींच्या पोटात रोजची, कुरतडणारी, जेवणानंतर वाढणारी कळ असते. खडे किती मोठे, नळी किती फुगलेली, याच्याशी दुखण्याचा सरळ हिशेब बसत नाही. स्कॅन बरा दिसतो आणि माणूस लोळत असतो. कारण वर्षानुवर्षं दाह झालेल्या भागातले मज्जातंतू बदलतात, पुढे मेंदू आणि मज्जारज्जूही दुखण्याला हळवे होतात, आणि मग मूळ कारण कमी झालं तरी कळ चालू राहते. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत’ हे वाक्य ऐकल्यावर रुग्णाला वाटतं, मी खोटं बोलतोय असं यांना म्हणायचंय. मी भेटलेल्या जवळपास प्रत्येक रुग्णाने हे वाक्य मला कधी ना कधी सांगितलं आहे. एका शिक्षिकेने तर रजेचा अर्ज लिहिताना ‘पोटदुखी’ऐवजी ‘ताप’ लिहायला सुरुवात केली, कारण तापावर लोकांचा विश्वास बसतो.

पूर्वी काही तज्ज्ञ धीर देत, की दहा-पंधरा वर्षांत स्वादुपिंड ‘जळून’ जातं आणि वेदना आपोआप थांबते. काहींची थांबतेही. पण त्या भरवशावर कोणाला थांबवून ठेवू नये. अनेकांची थांबत नाही. उपचारांची पायरी आता बरीच स्पष्ट आहे. साध्या वेदनाशामकांपासून सुरुवात, मग मज्जातंतूंवर काम करणारी प्रेगाबालिनसारखी औषधं. अफूवर्गीय गोळ्या शक्य तितक्या कमी, कारण त्यांची सवय लागते आणि आतडी मंदावतात. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. प्रमोद गर्ग यांच्या गटाने १२७ रुग्णांवर अँटिऑक्सिडंटची चाचणी केली. २००९ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षात गोळ्या घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के लोक वेदनामुक्त झाले, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत १३ टक्के. तीन वर्षांनी ब्रिटनमधल्या चाचणीत मात्र काहीच फरक दिसला नाही. तिथले रुग्ण वयस्क, बहुतेक दारूमुळे आजारी. दिल्लीतले तरुण, बहुतेक कारण न सापडलेले. भारतीय तरुणाला काही महिने त्या गोळ्या देऊन बघणं मला समंजसपणाचं वाटतं.

स्वादुपिंडाच्या नळीतल्या खड्यांचं काय? मोठे खडे बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देऊन फोडतात, मग दुर्बिणीतून नळी साफ करतात, स्टेंट घालतात. हैदराबादची एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी ही या उपचाराची जगातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक. सोलापूर, लातूर, नांदेडकडचे कितीतरी रुग्ण रात्रीच्या गाडीने तिकडे जातात. याच उपचाराची कसोटी हैदराबादेत लावली गेली : शंभराहून थोड्या जास्त रुग्णांपैकी निम्म्यांवर खरा उपचार, निम्म्यांवर नुसता देखावा, कोणाला काय मिळालं हे रुग्णाला ठाऊक नाही. २०२४ मध्ये निकाल आला. खऱ्या उपचाराने तीन महिन्यांपर्यंत वेदना थोडी कमी झाली, सहा महिन्यांनी फरक उरला नाही. त्याआधी २०२० मध्ये नेदरलँड्सच्या ८८ रुग्णांच्या चाचणीत दुर्बिणीच्या फेऱ्या करत राहण्यापेक्षा लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना जास्त आराम पडला होता. याचा अर्थ प्रत्येकाने पोट उघडून घ्यावं असा नाही. पण ‘अजून एक स्टेंट बदलू’ असं वर्षानुवर्षं चाललं असेल तर स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या सर्जनचं मत एकदा घ्यायला हवं, आणि ते सुचवण्याची जबाबदारी दुर्बीण हाती असलेल्या डॉक्टरांची आहे.

आता त्या गोष्टीकडे येते जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. वेदनेकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पोटातून वाया जाणाऱ्या अन्नाकडे कोणाचं जात नाही. स्वादुपिंडाची चरबी पचवण्याची ताकद नव्वद टक्क्यांच्या आसपास संपेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. मग शौच फिकट, चिकट, तेलकट होतं, उग्र वास येतो, पाणी टाकूनही भांड्याला चिकटून राहतं. आपल्याकडे हे कोणी बोलत नाही, डॉक्टरांशीही नाही. माझा भाऊ वजन घटत असताना वर्षभर हे लपवत होता. वर ‘तेलकट टाळा’ या सल्ल्याने आईने त्याला वरणभातावर ठेवलं होतं, तेही बिनतुपाच्या. खाणं कमी, त्यातलं पचणं कमी, आणि सगळे म्हणत होते की आजारच असा आहे.

उपाय साधा आहे : बाहेरून एन्झाइम देणं. कॅप्सूलमध्ये लेप दिलेले बारीक कण असतात. ते जठरातल्या आम्लात टिकतात आणि आतड्यात अन्नात मिसळून काम करतात. म्हणून ती अन्नाबरोबरच घ्यायची असते. पहिल्या घासाबरोबर, डोस मोठा असेल तर थोडी सुरुवातीला आणि थोडी जेवणाच्या मध्ये. भावाच्या पाकिटावर मात्र दुकानदाराने ‘जेवणाआधी अर्धा तास’ असं लिहून दिलं होतं, आम्लपित्ताच्या गोळीसारखं. अन्न पोचेपर्यंत औषध पुढे निघून गेलेलं असायचं. डोसही तोकडा होता. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला पंचवीस ते पन्नास हजार युनिट लायपेज लागतं, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मं. त्याला दिवसातून दोनदा दहा हजार मिळत होतं. घेण्याची वेळ आणि मात्रा दोन्ही दुरुस्त झाल्यावर काही महिन्यांत त्याचे गाल भरले. कोणतंही ऑपरेशन झालं नव्हतं.

पण माळकऱ्याच्या घरात या कॅप्सूलचा आणखी एक प्रश्न असतो. ही एन्झाइम्स डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. बुरशीपासून बनवलेली पाचक सिरपं दुकानात मिळतात, पण त्यांनी या आजारात काम भागत नाही. बऱ्याच रुग्णांना हे सांगितलंच जात नाही, आणि मग कधीतरी पाकिटावर वाचून ते गुपचूप औषध बंद करतात. मुसलमान रुग्णांपुढेही हाच पेच असतो. जीव वाचवण्यासाठी दुसरा पर्याय नसेल तर मुभा आहे, असं अनेक धर्मपंडित सांगतात. हे डॉक्टरांनी आधीच, स्पष्ट आणि आदराने सांगायला हवं. आमच्याकडे आई ऐकून गप्पच झाली. दादा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, “पोराच्या अंगाला अन्न लागतंय ना? मग ते औषध. माळेला त्याची अडचण नाही.” भावाने माळ ठेवली आणि कॅप्सूलही.

आहाराबद्दल एम्समधलाच एक अभ्यास मला मोलाचा वाटतो. वजन घटलेल्या साठ रुग्णांपैकी निम्म्यांना सहज पचणाऱ्या चरबीची महागडी पूरक पावडर दिली आणि निम्म्यांना घरच्याच अन्नातून पुरेसं कसं खायचं हे नीट बसवून समजावलं. एन्झाइम दोघांनाही दिलं. तीन महिन्यांनी दोन्ही गटांचं वजन सारखंच वाढलं होतं. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात सगळं आहे : मऊ भात, घट्ट वरण, दही, पनीर, खात असाल तर अंडं आणि मासे, भाकरीवर तूपसुद्धा, एन्झाइमसोबत. दोन वेळा पोटभर जेवण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडं थोडं. कोंड्याचा आणि कच्च्या सॅलडचा मारा नको. तंतू जास्त झाले तर एन्झाइमचं काम मंदावतं. चरबी सरसकट तोडायचा जुना सल्ला आता तज्ज्ञ देत नाहीत. आधी एन्झाइम पुरेसं द्या, मग बघा. चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वंही याच वाटेने वाया जातात. या रुग्णांपैकी जवळपास चौघांत एकाची हाडं ठिसूळ झालेली असतात, म्हणून तरुण असला तरी त्याचं ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता तपासावी.

मधुमेह आला की तो नेहमीच्या मधुमेहासारखा नसतो. इथे इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींबरोबर ग्लुकागॉन बनवणाऱ्या पेशीही गेलेल्या असतात, म्हणजे साखर खाली आली तर तिला वर ढकलणारं कोणी उरत नाही. ती चढते तशी झपाट्याने उतरतेही. भाऊ दूध संघात हिशेबाचं काम करतो. त्याच्या टेबलाच्या खणात ग्लुकोजचा पुडा असतो आणि शेजारी बसणाऱ्या दोघांना तो कधी द्यायचा हे माहीत आहे. इन्शुलिन घेऊन निर्जळी एकादशी करणं त्याने सोडलं. विठ्ठलाने ते मनावर घेतलं असेल असं त्याला वाटत नाही, मलाही नाही.

लोक शेवटी विचारतात ते आयुष्याबद्दल. अनेक देशांतल्या रुग्णांचा एक अभ्यास १९९४ मध्ये आला होता. निदानानंतर दहा वर्षांनी ७० टक्के आणि वीस वर्षांनी ४५ टक्के रुग्ण हयात होते. त्याच वयाच्या इतर लोकांत हे आकडे ९३ आणि ६५ होते. आकडे घाबरवतात, पण त्यातले बहुतेक रुग्ण वयस्क, पिणारे आणि सिगारेट ओढणारे होते, आणि बहुतेकांचा मृत्यू स्वादुपिंडामुळे झालाच नव्हता. हृदयविकार, इतर कर्करोग आणि धूम्रपानाचे परिणाम ही कारणं मोठी होती. तरुणपणी आजार झालेल्या, न पिणाऱ्या भारतीय रुग्णांचं चित्र याहून बरंच आशादायक आहे. वेदना सुरू झाल्यावर तीस-पस्तीस वर्षांनीही नांदणारे रुग्ण चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने नोंदवले आहेत, आणि त्यांना जास्त धोका मधुमेहाने मूत्रपिंडं बिघडण्याचा होता.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो हे खरं. दोन हजारांवर रुग्णांच्या १९९३ च्या अभ्यासात तो दहा वर्षांत सुमारे २ टक्के आणि वीस वर्षांत ४ टक्के होता. म्हणजे बहुतेकांना तो होत नाही. पण बरा चाललेला मधुमेह अचानक हाताबाहेर जाणं, कारण नसताना वजन उतरणं, कावीळ, दुखण्याची तऱ्हा बदलणं, यातलं काही दिसलं तर थांबू नये.

बिडी-सिगारेटविषयी वेगळं लिहायला हवं. धूर हा दारूपासून स्वतंत्रपणे या आजाराला पुढे ढकलतो, खडे लवकर होतात, कर्करोगाचा धोका वाढतो. दारू सोडलेल्या कितीतरी जणांना बिडी सोडा असं कोणी ठामपणे सांगितलेलंच नसतं.

आणि ज्यांना दारूमुळे आजार झाला त्यांचं? फिनलंडमधल्या टांपेरे शहरातली, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे. दारूमुळे पहिला झटका आलेल्या १२० रुग्णांशी परिचारिका अर्धा तास बोलली. त्यातल्या निम्म्यांशी ती पुढे दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पुन्हा बोलली. एवढाच फरक. पुन्हा झटका येण्याचं प्रमाण एकदाच बोललेल्यांत २१ टक्के, वरचेवर बोललेल्यांत ८ टक्के. कोणी रागावलं नाही, कोणी लाजवलं नाही. कोणीतरी नेमाने विचारपूस केली. आपल्या जिल्हा रुग्णालयात हे करायला नवं यंत्र लागत नाही. वेळ काढून बोलणारं एक माणूस लागतं.

पैशांचंही बोलू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयात दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांचा भार सरकार उचलतं आणि त्याने अनेक घरं वाचली आहेत. पण एन्झाइमच्या कॅप्सूल, इन्शुलिन, साखर तपासायच्या पट्ट्या, जीवनसत्त्वं यांचं महिन्याचं बिल हजारांत जातं आणि ते घरालाच भरावं लागतं. रोजंदारीवरचा माणूस काय करतो? दुखेल तेवढ्या दिवसांपुरतं औषध घेतो. मग वजन उतरतं, साखर बिघडते, आणि एक दिवस तो योजनेत बसणाऱ्या, कितीतरी महाग उपचारासाठी पुन्हा दाखल होतो. रोजची कॅप्सूल या यादीत यायला हवी. हे मी मागणी म्हणूनच लिहिते आहे.

आमच्या घरात सध्या चर्चा आहे ती भावाच्या मुलीची. ती नऊ वर्षांची आहे, आणि तिचं पोट दुखलं की सगळ्यांचे चेहरे बदलतात. तिची जनुकतपासणी करावी का, असं वहिनीने डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नको म्हणून सांगितलं : लक्षणं नाहीत, बदल सापडला तरी आजार टाळणारं औषध नाही, आणि बदल असलेल्या बहुतेकांना काही होत नाही; उगाच एका मुलीच्या नावापुढे आजार लागेल. वारंवार दुखलं तर लायपेज आणि सोनोग्राफी तेव्हाच करून घ्यायची, ‘पित्त’ म्हणून सोडून द्यायचं नाही, एवढं ठरलं. परवा तिचं पोट दुखलं तेव्हा भावाने तिला खोदून खोदून विचारलं, कुठे, किती वेळ, पाठीत जातं का. शाळेत कच्च्या कैऱ्या खाल्ल्या होत्या.